प्रभुभोजनाला पुढे जायची माझी लायकी नाही

पत्र, थोडक्यात: ‘वय ४३. नाशिकच्या शरणपूरला राहते, अंबडच्या एका कंपनीत हिशेब बघते. सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्यात, त्यांचं सगळं मीच करते. दीर नाशिकरोडला असतात, सणावाराला येतात. नाताळच्या आधी एका रात्री पुन्हा पुन्हा चादर बदलावी लागली, तेव्हा मी सासूबाईंवर ओरडले, त्यांचा हात झटकला. तेव्हापासून रोज प्रार्थनेत स्वतःलाच बोल लावते. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षारस घ्यायला पुढे जात नाही. कधी वाटतं, सकाळी जागच येऊ नये. आजी म्हणायची, आपण मिशनच्या अन्नावर वाढलेली माणसं, कुरकुर करायची नाही. मैत्रीण म्हणते, स्वतःवर जरा दया कर. हा स्वार्थ नाही का?’

ताई, सलाम.

हात झटकलात हे चुकलंच, ते मी उडवून लावणार नाही. पण माफी मागताय कोणाकडे? रोज रात्री देवाकडे. सासूबाईंकडे मागितल्याचं पत्रात कुठे नाही. त्यांना नीट बोलता येत नसलं तरी जवळ बसा, ‘आई, त्या रात्री माझं चुकलं’ एवढं म्हणा. एकदाच. पश्चात्ताप कुठेतरी संपतो. तुमचं रात्रीचं झोडपणं संपत नाही, आणि त्याने सासूबाईंची एक चादरही बदलली जात नाही. उलट सकाळी तुम्ही आणखी चिडक्या उठत असाल.

प्रभुभोजनाचं म्हणाल, तर जो ‘अयोग्य प्रकारे’ ती भाकर खाईल तो दोषी ठरेल, हे प्रेषित पौलाचं वाक्य तुम्हाला अडवत असणार. करिंथकरांस पहिलं पत्र, ११वा अध्याय पुन्हा काढा. तिथे पौल चिडलाय तो करिंथच्या खात्यापित्या मंडळींवर. ते आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. दमलेल्या सुना त्याच्या डोळ्यांपुढे नव्हत्या. आणि स्वतःची परीक्षा करा म्हटल्यावर तो पुढे ‘मग खा’ म्हणतो, ‘मग बाकावर बसून राहा’ नाही.

आजीचं मी समजू शकते. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशनने १८५४ साली शरणपूर वसवलं, आणि निराधार मुलांबरोबर गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलंही तिथे वाढली. अशा वस्तीत शिस्त लागलीच असेल. पण ‘मिशनचं अन्न’ म्हणजे कोणीतरी आधी ताट वाढलं होतं, हेही त्याच वाक्यात आहे.

स्वार्थाचा प्रश्न बायबलातल्या एलीयापाशी नेऊन बघा, १ राजे, १९वा अध्याय. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांना हरवून आलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आणि रानात झुडपाखाली ‘आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणत आडवा झाला. देवाने त्याला आजीसारखं कुरकुर करू नकोस म्हटलं नाही. दूताने निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं. तो जेवला, झोपला. दूताने पुन्हा उठवून खायला लावलं, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नव्हती. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. खाणं नि झोप नाकारून वधस्तंभ वाहणं अधिक पवित्र, असं मला तरी बायबलात सापडलेलं नाही.

तेव्हा रात्रीची प्रार्थना लहान करा. स्तोत्र १०३ वाचा, आपण माती आहोत हे देव जाणतो असं त्यात म्हटलंय. वाचा आणि झोपा.

‘जागच येऊ नये’ हे मात्र मी थकव्याच्या खात्यात टाकून पुढे जाणार नाही. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, आणि हे वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा. रात्री-अपरात्री तसं वाटलं तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पाळकांनाही सांगा, पण डॉक्टरांच्या ऐवजी नको.

आणि दिरांना फोन करा. ‘जमेल का’ विचारलंत तर जमणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा ठाऊक. ‘रविवारी साडेआठला या, मी उपासनेला जातेय’ असं सांगा. औषधांच्या वेळा नि चादरी कुठे आहेत ते कागदावर लिहून ठेवा, म्हणजे उपासना चालू असताना फोन येणार नाही.