इस्लाम हा प्रामुख्याने अरबांचा धर्म आहे का?

नाही. जगात सुमारे २०० कोटी मुस्लिम आहेत आणि त्यात अरब साधारण पाचातला एक. एकट्या इंडोनेशियातच २० कोटींहून जास्त मुस्लिम राहतात.

सुरुवात अर्थात अरबस्तानातली. ६२२ साली पैगंबर मुहम्मद मक्केहून मदिनेला गेले, तिथून हिजरी सन मोजतात. एकाच अल्लाहवरची श्रद्धा, पाच वेळची नमाज, रोजे, जकात (म्हणजे गरजूंसाठी द्यायचं सक्तीचं दान) आणि ऐपत असेल तर हज, हा गाभा सगळीकडे सारखाच.

बाकी रूप मात्र मातीप्रमाणे बदलतं, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं. इंडोनेशियातल्या जावा बेटावर अरब फौजा कधी गेल्याच नाहीत. तिथे धर्म पोहोचला तो मुख्यतः व्यापारी आणि सूफींबरोबर. तिथल्या कुदुस शहरातली १५४९ची मशीद बघा: मिनार लाल विटांचा, घडण थेट जुन्या हिंदू मंदिराची, आणि वर मोठा ढोल टांगलेला. हिंदूंच्या भावनांचा मान राखायचा म्हणून कुदुसमध्ये गाय न कापण्याची प्रथा पडली, आजही तिथे म्हशीचंच मटण शिजतं.

आपल्या कोकणी मुस्लिमांचं नातंही असंच समुद्री व्यापाराशी आहे.