बारसे कानबाईला करा, नोंद मात्र आत्ताच

अमळनेर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षक आजोबांचे पत्र आले आहे. मुलगा आणि सून शारजात. नात तिथेच जन्मली, गेल्या जुलैच्या अखेरीस. तिथल्या जन्मदाखल्यावर घाईत सांगितलेले नाव पडले, ते घरात कोणालाच पटलेले नाही. म्हणून तिथल्या भारतीय कॉन्सुलेटमध्ये (वकिलातीत) नोंद नाही आणि बाळाचा पासपोर्टही नाही. श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशातल्या या देवीच्या सणाला, सगळे गावी येणार, बारसे होणार, आत्या मनासारखे नाव ठेवणार आणि मग ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करायची, असा बेत आहे. पासपोर्ट नसला तरी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर बाळाला आणता येते, असे एका एजंटाने सांगितले. परदेशातून आल्यावर नोंदीला 60 दिवस मिळतात, असे ग्रामसेवक म्हणाला. आजोबांचा प्रश्न: नाव आधी बदलावे की नोंद झाल्यावर?

आप्पा, नावाचे नंतर बघू. आधी कॅलेंडर घ्या. नातीला वर्ष कधी पूर्ण होते? जुलैअखेर. कानबाई कधी? नागपंचमीनंतरच्या रविवारी. म्हणजे तुमचा सगळा बेत त्या तारखेच्या पलीकडे आहे, आणि तुमच्या प्रकरणात दुसरी कुठलीच तारीख महत्त्वाची नाही.

नागरिकत्व कायदा 1955, कलम 4. परदेशात 3 डिसेंबर 2004 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले मूल, आईबाप दोघे भारतीय असले तरी, जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये नोंद झाल्याशिवाय भारताचे नागरिक होत नाही. शब्द नीट वाचा. 'अर्ज केला' असे कलमात नाही, 'नोंद झाली' असे आहे. तेव्हा वर्षाच्या शेवटच्या दिवशी खिडकीवर जाऊन उभे राहण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे जेमतेम दीड महिना आहे.

तुमच्या पुतण्याचा जन्म 1996 साली मस्कतला झाला आणि त्याचा पासपोर्ट विनासायास निघाला, असे तुम्ही लिहिता. बरोबर आहे. तेव्हा ही अट नव्हती. चोपडा, शहादा, रावेर इकडून येणाऱ्या पत्रांतही असाच कोणीतरी जुना नातेवाईक असतो आणि त्याच्या भरवशावर घरे निवांत बसलेली असतात.

आता ग्रामसेवकाचे म्हणणे. तो खोटे बोललेला नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 च्या कलम 20 मध्ये 60 दिवस आहेत. पण ते कोणासाठी? कॉन्सुलेटकडून माहिती आलेली नाही आणि आईबाप भारतात स्थायिक व्हायला परतले आहेत, अशा मुलांसाठी. तुमचा मुलगा रोट खाऊन महिनाभरात शारजाला परत जाणार. मग स्थायिक होण्यासाठी आलो, असे खोटे लिहून देणार का? आणि समजा नोंद झालीच, तरी हातात काय येते? जन्माची तारीख आणि ठिकाण सांगणारा दाखला. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्याचे मोल वाढले हे खरे. पण जन्म शारजात झाला, एवढेच तो सांगेल. मुलगी भारताची नागरिक आहे, हे ग्रामपंचायतीचा दाखला सांगू शकत नाही. तो प्रश्न कलम 4 वरच येऊन थांबतो.

आणि अमिरातीत जन्मले म्हणून तिथले नागरिकत्व मिळत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाकडे निदान तिथला पासपोर्ट असतो. तुमची नात ही तारीख चुकली तर कोणत्याच देशाची नागरिक राहणार नाही. मला काळजी आहे ती याची, आणि घरात दहा महिने चर्चा चालली ती नावाच्या अक्षराची!

वर्ष उलटले तर मार्ग अगदीच बंद होतो असे नाही. केंद्र सरकारच्या परवानगीने उशिरा नोंद होऊ शकते. पण ती फाइल दिल्लीला गृह मंत्रालयात जाते आणि निकाल किती दिवसांत द्यावा याचे बंधन कलमात नाही. भारतीय नागरिकांच्या अल्पवयीन मुलांसाठी कलम 5 खाली नोंदणीचा अर्जही असतो, तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर जातो. तो मंजूर झाला तरी नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासून धरतात, जन्मापासून नाही. मूल शाळेत जायचे वय होईपर्यंत 'व्हई जाई, व्हई जाई' (होऊन जाईल) म्हणत खेटे घालणारी माणसे मी पाहिली आहेत.

एजंटाचा सल्ला तर विसराच. इमर्जन्सी सर्टिफिकेट एकदा भारतात येण्यापुरते असते. त्यावर बाळ आले, तर परत जायला पासपोर्ट लागेल आणि पासपोर्टसाठी तीच न झालेली नोंद.

तेव्हा आज रात्रीच मुलाला फोन लावा. शारजा दुबईच्या कॉन्सुलेटकडे येते. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर फॉर्म भरायचा, आईबाप दोघांनी सह्या करायच्या, बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यायचे आणि पासपोर्टचा अर्जही सोबतच टाकायचा. सुनेच्या पासपोर्टवर माहेरचे नाव आहे, म्हणून लग्नाचा दाखला मागतील की प्रतिज्ञापत्रावर भागेल, ते खिडकीवर विचारावे लागेल. नवजात बाळाचा तिथला व्हिसा 120 दिवसांत काढायचा असतो. ती मुदत तर कधीच गेली. दंड किती बसेल किंवा माफ होईल का, हे इथून सांगता येणार नाही. पण दंडाच्या भीतीने नोंद थांबवू नका.

नाव? दाखल्यावर आहे तेच सगळीकडे लिहा, अक्षरही इकडचे तिकडे नको. तिथला दाखला बदलायला गेलात तर हा दीड महिना त्यातच जाईल. पाळण्यातले नाव आत्याने हवे ते ठेवावे, घरात त्याच नावाने हाक मारा. कागदावरही तेच हवे असेल तर पुढे गॅझेटमधून बदलता येते. कटकट आहे, पण होते.

नोंदीचा कागद हातात आला की मुलाला त्याचा फोटो पाठवायला सांगा, तारीख स्वतः वाचा. विमानाची तिकिटे त्यानंतर काढा.