पडद्यावरचे प्रश्न

प्रश्न : 'सत्या' या हिंदी चित्रपटामध्ये (१९९८) नायक सत्या, पण लक्षात राहतो टोळीवाला भिकू म्हात्रे. मग सत्याच्या भूमिकेसाठी जे. डी. चक्रवर्तीची निवड चुकलीच ना? — एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. सत्याला भूतकाळच दिलेला नाही. तो मुंबईत उपरा येतो, तुरुंगात भिकूला भेटतो आणि त्याच्यामागून आपणही टोळीत शिरतो. तिथे हिंदीतला ओळखीचा नायक असता, तर तो आता कधी पेटून उठतो याचीच वाट प्रेक्षक बघत बसले असते. जे. डी. चक्रवर्ती तेलुगू प्रेक्षकांना 'शिवा'पासून (१९८९) माहीत होता. हिंदीत मात्र चेहरा जवळपास कोरा. भिकूला उलट सगळंच मिळालंय : घर, भांडणारी बायको, भडक डोकं. मनोज बाजपेयीने त्याचं सोनं केलं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळवला.

पण कथा ढकलतो कोण ते पाहा. पोलीस आयुक्ताला उडवायची कल्पना सत्याची. त्यातून चकमकी वाढतात आणि टोळीला घरघर लागते. भिकू शेवटाआधीच, ऐन आनंदात, टोळीला पोसणाऱ्या भाऊ ठाकुरदास या राजकारण्याच्या गोळीने मरतो. तो धक्का बसतो, कारण तोवर आपण त्यालाच नायक मानलेलं असतं.

नंतरच्या अनेक टोळीपटांनी भिकूची शिवीगाळ उचलली आणि थंड डोक्याचा सत्या वगळला. म्हणून ते नुसते आरडाओरडा वाटतात. तक्रारच करायची तर सत्याच्या, प्रेयसी विद्याबरोबरच्या गाण्यांची करा. गाणी गोड आहेत, पण तिथे पटकथेचा वेग पडतो.