सात महिन्यांच्या बाळाच्या इसबावर स्टिरॉइडचं मलम लावावं का? रोज आंघोळ घालावी का, तेल कुठलं लावावं?

तुमच्या बाळाचे गाल आणि कोपरं लाल झालीत, डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे सौम्य स्टिरॉइडचं, मलम लिहून दिलंय आणि घरात ती ट्यूब अजून उघडलेली नाही. कारण सासूबाई म्हणतात, मलमाने इसब आत दाबला जातो आणि पुढे दमा लागतो. तुम्ही खरं तर आंघोळ आणि तेलाबद्दल विचारलंय, मलमाचं शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय. पण मला ती शेवटची ओळ वाचून झोप लागली नाही, म्हणून आधी तिचंच उत्तर देते.

मलम लावा. आज रात्रीच लावा.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती जूनमधली, ऐन पावसातली. तेव्हा आम्ही लालबागला चाळीत राहायचो. तिसऱ्या महिन्यात तिचे गाल लाल आणि खरखरीत झाले. न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, लव जातेय, होतं असं. त्या डाळीचं पीठ आणि साय कालवून त्याचा गोळा गालावरून, पाठीवरून फिरवायच्या, मग कढत पाणी, मग वेखंड-ओव्याची धुरी. मावशींचा हात चांगला होता आणि जीवही होता तिच्यावर, त्यांना मी दोष देत नाही. पण ज्या कातडीला मुळात ओल धरून ठेवता येत नाही, तिच्यावर पीठ घासायचं, कढत पाणी ओतायचं आणि वर धूर द्यायचा, हे सगळं उलटं होत होतं. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी बघताक्षणी इसब म्हणून सांगितलं आणि तुम्हाला दिलंय तसंच मलम दिलं.

त्या रविवारी माझ्या मोठ्या नणंदबाई आल्या होत्या. त्यांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, "हे स्टिरॉइड आहे. एवढ्याशा पोरीला? बाहेर पडतंय ते पडू दे. आत दाबलंस तर छातीत जाईल." माझे सासरे दम्याने गेले होते. त्यामुळे "छातीत जाईल" म्हटल्यावर घरात कुणी पुढे बोललंच नाही. ट्यूब कपाटात गेली. मीसुद्धा बोलले नाही, आणि ते मला आजही लागतं.

पुढचे तीन महिने मलम सोडून सगळं केलं. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ. काळा धागा. दृष्ट तर रोज. मी अंगावर पाजत होते, म्हणून माझं अंडं बंद झालं, मग मासे, मग दूध, शेंगदाणे, वांगं, आंबट. शेवटी मी वरणभात आणि दुधी यावर होते, माझं वजन आठ किलोने उतरलं आणि तिचे गाल होते तसेच. रात्री ती मुठी गालावर घासायची. दर तासाला उठायची. मी तिच्या हातांत मोजे घालायची, ती ते तोंडाने ओढून काढायची.

मग संक्रांत आली आणि बोरन्हाण ठरलं. जानेवारीत मुंबईची हवा कोरडी पडते, त्यात आमच्या समोर टॉवरचं काम चालू, गॅलरीत बोट फिरवलं की सिमेंटची भुकटी लागायची. तिला काळा जाळीचा फ्रॉक घातला, आत अस्तर सुद्धा नायलॉनचं. वर हलव्याचे दागिने. तुम्ही हलवा हातात धरून बघितला असेल, चांगल्या हलव्याला काटा असतो, त्याचीच तर वाखाणणी होते. तो काटा तिच्या मानेच्या वळीत, जिथे आधीच चीर पडली होती, तिथे घासत होता. बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतले, सगळ्या बायका हसतायत, फोटो काढतायत, आणि ती मान एका बाजूला दाबून धरून रडतेय. मला वाटलं गर्दीला घाबरली. हार काढला तर दोऱ्याला पाणी आणि रक्त लागलेलं. हलव्याचे तीन दाणे मानेला चिकटून बसले होते, ते मी कोमट पाण्याने भिजवून एकेक सोडवले.

दोन दिवसांनी त्या जागेवर मधासारखी पिवळी खपली धरली आणि ताप आला. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. इसबाच्या चिरांतून जंतू आत शिरले होते. अँटिबायोटिक सुरू झालं. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, मलम किती वेळा लावता? मी खरं ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझं पहिलं बोट हातात घेतलं, सरळ केलं आणि ट्यूब दाबून टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची एक ओळ काढली. म्हणाल्या, "हे अर्धा ग्रॅम झालं. मोठ्या माणसाचे दोन तळहात, बोटांसकट, जेवढी जागा झाकतील तेवढ्याला हे पुरतं. तिच्या तोंडाला आणि मानेला मिळून एक पेर. भीत भीत तांदळाच्या दाण्याएवढं लावाल तर उपयोग नाही, मग तुम्हीच म्हणाल औषध लागू पडत नाही."

तिसऱ्या दिवशी तिचा गाल दिसला. खरा, मऊ गाल, तिसऱ्या महिन्यानंतर पहिल्यांदा. त्या रात्री ती सलग पाच तास झोपली आणि मी दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघितलं, इतकी मला त्या शांततेची सवय गेली होती. आठ दिवसांनी मलम थांबवलं, नुसतं मॉइश्चरायझर चालू ठेवलं. पुढे पुन्हा लाल झालं की पुन्हा तेवढ्यापुरतं मलम. पुढची दोन-तीन वर्षं हेच केलं.

आता दम्याचं. हे तुम्हाला सांगायचंच आहे, कारण माझ्या मुलीला पाच वर्षांची असताना पावसाळ्यात खरंच दमा निघाला. सौम्य आहे, पंप आहे, शाळेत खो-खो खेळते. पण त्या वर्षी गणपतीत, आरती झाल्यावर सगळ्यांसमोर नणंदबाई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, आत दाबलंस." मी प्रसाद वाटत होते. मी वाटी पुढे केली आणि पुढच्या माणसाकडे गेले. तेव्हा नणंदबाईंना न बोललेलं आता त्यांनाच लिहिते.

ताई, इसब आत दबत नाही. तो काही घाण नाही की बाहेर सोडली म्हणजे आतून माणूस स्वच्छ झाला. तो कातडीच्या बांधणीतला दोष आहे. २००६ साली संशोधकांना फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात असा दोष सापडला, की ज्या मुलांत तो असतो त्यांची कातडी ओल धरत नाही आणि बाहेरच्या गोष्टी आत येऊ देते. सगळ्या इसबवाल्या मुलांत हाच दोष असतो असं नाही, पण वाट तीच. इसब, दमा आणि सततच्या शिंका ही एकाच घरातली भावंडं आहेत. ज्याला एक आहे त्याला दुसरं होण्याचा संभव जास्त, मलम लावा नाही तर लावू नका. सासऱ्यांना दमा होता, त्यांच्या अंगाला तर कधी कुणी स्टिरॉइड लावलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला लहानपणी बाळदमा होता, हे आईंनीच सांगितलंय. आणि ताई, तुम्हाला स्वतःला रोज सकाळी उठल्यावर शिंकांवर शिंका येतात. माझ्या मुलीने ते घरातून घेतलं. मी ट्यूबमधून दिलं नाही.

उलट कातडी उघडी, चिरलेली ठेवली तर तिच्यातून खाण्याचे कण आत जाऊन शरीर त्यांच्याविरुद्ध उठतं आणि खाण्याची ॲलर्जी तिथून सुरू होऊ शकते, असं आता बरेच तज्ज्ञ मानतात. म्हणून आईने उपाशी राहून काही साधत नाही. बाळाला एखादा पदार्थ दिल्यावर लगेच ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, तर ती वेगळी गोष्ट, तपासून घ्या. नुसत्या संशयावर अंडं-दूध-शेंगदाणा तोडू नका. २०१५ साली इंग्लंडमधला ६४० बाळांवरचा अभ्यास आला. जास्त इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा द्यायला सुरुवात केली, तर त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी झाली. इसब जास्त असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारून करा, आणि आख्खा दाणा कधीच नको, तो घशात अडकतो. मी तेव्हा तीन महिने शेंगदाण्याचं कूटही घरात येऊ दिलं नव्हतं.

तुमच्या सासूबाईंशी भांडू नका, त्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्या. मी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, नेलं. त्यांनी डॉक्टरबाईंना तोंडावर विचारलं, छातीत जाईल का? डॉक्टरबाईंनी दहा मिनिटं बसून त्यांना समजावलं. मी कामावर जायला लागल्यावर दुपारचं मलम आईच लावायच्या, बोट सरळ धरून, पेराच्या रेघेपर्यंत. तुमचे डॉक्टर वेळ देत नसतील तर मुंबईतल्या केईएम, नायर, सायन या तिन्ही पालिका रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे, केसपेपर काढा आणि सकाळी लवकर जा.

मी मलम लावा म्हणते ते बाळाला तपासून लिहून दिलेलं, सौम्य, सांगितलं तेवढेच दिवस. कोपऱ्यावरच्या केमिस्टने "खाजेवर बेस्ट" म्हणून दिलेली ट्यूब नव्हे. त्यात बऱ्याचदा तगडं स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. त्याने बाळाची कातडी पातळ होऊ शकते, आणि तो नायटा असेल तर नुसता पसरतो. २०१८ साली सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं केलं, तरी मागितली की मिळतात. मोठ्यांची ट्यूब बाळाला नको. डायपरच्या आत स्वतःच्या मनाने लावू नका, तिथे औषध जास्त शोषलं जातं. तसाही इसब सहसा डायपरच्या जागी होत नाही. तिथे लाल असेल किंवा घरात सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, तर ते दुसरं काही असू शकतं, खरूजसुद्धा. आणि बारीक बारीक पाणी भरलेले फोड झुपक्याने आले, सोबत ताप असला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. ओठावर ज्वराचे फोड आलेल्या कुणालाही बाळाचा मुका घेऊ देऊ नका, मग ते कितीही जवळचं माणूस असो. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते. तुमचं बाळ मी बघितलेलं नाही.

आंघोळ रोज घाला. पाच ते दहा मिनिटं, कोमट पाणी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तर नळाचं पाणी तसंच चालतं. पीठ, उटणं, साय, धुरी, वासाचा साबण बंद. टॉवेलने टिपा, पुसू नका, आणि अंग ओलसर असतानाच तीन-चार मिनिटांत मॉइश्चरायझर थापा. चोळायचं नाही, केस ज्या दिशेने आहेत त्या दिशेने. दिवसातून निदान दोनदा, अंगभर, जिथे बरं दिसतंय तिथेही. सगळ्या अंगाला असेल तर आठवड्याला पाव किलो लागतं, म्हणून महागाच्या चिमुकल्या बाटल्या परवडत नाहीत. लिक्विड आणि व्हाइट सॉफ्ट पॅराफिनचं साधं मलम स्वस्त पडतं आणि काम तेच करतं. फक्त पॅराफिन मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, तेव्हा बाळाला समई-निरांजनापासून लांब ठेवा. औषधाचं मलम आणि मॉइश्चरायझर यांत थोडा वेळ जाऊ द्या. घाम आला की ओल्या सुती फडक्याने टिपा. नखं दर दोन दिवसांनी.

तेलाचं राहिलं. मोहरीचं नको, झोंबतं. ऑलिव्हचंही नको, ते कातडीची बांधणी आणखी सैल करतं. खोबरेल चालेल, मालिश हलक्या हाताने. पण खोबरेल लावलं म्हणून मॉइश्चरायझर टाळू नका, आणि लाल झालेल्या जागेवर आधी मलम.