खपली सारखी निघतेय आणि डागही राहिलाय, घरच्या घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की गाडीवरून पडून तीन आठवडे झाले, गुडघ्याची खपली निघते आणि परत धरते, कोपराची जखम भरली पण गुलाबी डाग राहिलाय आणि घरात कोणी हळद सांगतंय तर कोणी लिंबू. आधी एक गोष्ट सांगते, या दोन जागांना एकच उपाय लावू नका. गुडघा अजून जखम आहे, कोपरावर आता फक्त वण आहे. जखमेला बंद व्हायचंय, वणाला मऊ आणि फिकट व्हायचंय, दोन्हीची गरज वेगळी.

गुडघ्याचं मला अगदी जवळून माहितीये कारण माझाही असाच सोलवटला होता. "उघडं ठेव, वारं लागलं की सुकेल" म्हणून मी ठेवला उघडा. जाड काळपट खपली धरली, जिना चढताना गुडघा वाकला की ती मधोमध तडकायची आणि फटीतून रक्ताची बारीक रेघ यायची, दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने सांगितलं की सुकवू नका, ओलसर ठेवा. मला तेव्हा उलटंच वाटलं, पण कारण कळल्यावर पटलं. नवीन कातडीच्या पेशी जखमेच्या कडेने आत सरकत येतात आणि त्यांना सरकायला ओलावा लागतो, वर कोरडी खपली असेल तर त्यांना तिच्या खालून वाट काढत जावं लागतं. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांवर हे करून बघितलं होतं, पातळ पॉलिथिनने झाकलेल्या जखमांवर नवीन कातडी उघड्या जखमांपेक्षा साधारण दुप्पट वेगाने आली.

म्हणून रोज एकदा नळाच्या स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवा, साबण फक्त आजूबाजूला, मग हलक्या हाताने टिपून घ्या, चोळू नका. त्यावर साधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि वर न चिकटणारी पट्टी. जेली ट्यूबमधली घ्या, डबीत सगळ्यांची बोटं गेलेली असतात. पट्टी चिकटलीच तर ओढू नका, कोमट पाण्याने भिजवून दोन-तीन मिनिटं थांबा, सुटते आपोआप. माझी खपली चार-पाच दिवसांत मऊ पडून कडेने सुटायला लागली आणि खाली गुलाबी, चकचकीत कातडी दिसली. ती खपली नखाने काढायचा मोह होतोच, पण तेवढं टाळा, तुमची परत परत धरतेय त्याचं कारण बहुतेक तेच असणार. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावू नका, जंतूंबरोबर नवीन पेशीही मरतात.

आता हळद. प्रेमानेच सांगतात घरचे, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, जखमेत तिचे कण अडकतात आणि सगळं पिवळं झालं की लाली वाढतेय का तेच दिसत नाही. मधाचं थोडं वेगळं आहे, दवाखान्यात जखमेवर मध खरंच वापरतात, पण तो निर्जंतुक केलेला असतो, घरच्या बाटलीतला नाही. कोरफड बंद झालेल्या कातडीवर चालेल, फक्त पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो पूर्ण निथळून जाऊ द्या, त्याने खाज सुटते.

कोपराच्या डागाला सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऊन लागू न देणं. नवीन कातडी उन्हात पटकन काळवंडते आणि तो काळपटपणा महिनोन्महिने राहतो, म्हणून बाही नाहीतर एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन. आणि म्हणूनच लिंबू अजिबात नको, लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात अक्षरशः भाजते, फोड येऊन आधीपेक्षा गडद डाग पडतो. व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल फोडून लावणंही सोडा, त्याने वण सुधारतो असं दिसलेलं नाही आणि बऱ्याच जणांना पुरळ येतं. वण जाड वाटत असेल तर सिलिकॉन जेल किंवा सिलिकॉनची पट्टी घ्या, पट्टी दिवसातले निदान १२ तास, दोन-तीन महिने, कंटाळा न करता. सोबत मॉइश्चरायझर लावून बोटाने गोल गोल दाबून मालिश, दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं. वण आतून एक वर्ष, कधी दीड वर्षही बदलत असतो, त्यामुळे तीन आठवड्यांचा गुलाबी रंग बघून घाबरू नका. खाज येणं नॉर्मल आहे, खाजवण्याऐवजी गार ओलं कापड ठेवा.

वण जखमेच्या हद्दीबाहेर वाढत चालला, टणक झाला तर ते केलॉइड असू शकतं, तिथे घरचं काही करत बसू नका, स्किनच्या डॉक्टरकडे जा. गुडघा ठणकतोय, लाली पसरतेय, पू आहे, ताप आहे किंवा डायबेटिस आहे तर आजच दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन पडल्यानंतर घेतलं नसेल आणि शेवटचं कधी घेतलं ते आठवत नसेल तर तेही विचारून घ्या. यातलं काही नसलं तरी खरचटलेली जागा एव्हाना बंद व्हायला हवी होती, म्हणून उद्या पट्टी बदलताना गुडघा चांगल्या उजेडात बघा, आत खडीचा काळा कण दिसला तर सुईने टोकरू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या, आणि तसं काही दिसलं नाही पण आठवडाभर झाकून ठेवूनही बंद झाली नाही तरी दाखवाच.