हेलिकॉप्टर विमानात चढवताना त्याचे पंखे काढतात की दुमडतात?

तुमचा प्रश्न असा: नागपूरच्या वर्धा रोडवरून जाताना सोनेगावला उतरणारं भलंमोठं मालवाहू विमान दिसलं, सोबतचे म्हणाले की यात अख्खं हेलिकॉप्टर मावतं. मग त्याचे पंखे काढतात की दुमडतात? आणि जे स्वतः उडू शकतं ते विमानात घालून का न्यायचं? शिवाय या सगळ्याला वेळ किती लागतो?

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो, बहुतेक नोकरी हेलिकॉप्टरवरच गेली. आता जयताळ्याला राहतो. हे काम हातानं केलेलं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न. चेतक या आपल्या लहान हेलिकॉप्टरचा पल्ला साधारण 500 किलोमीटर. नागपूरहून ईशान्येकडे न्यायचं तर ठिकठिकाणी उतरा, तेल भरा, हवामानाची वाट पाहा. शिवाय हेलिकॉप्टरच्या कितीतरी भागांचं आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजतात, ते तास नुसत्या प्रवासात कशाला जाळायचे? समुद्रापार तर प्रश्नच नाही. आपली अपाचे हेलिकॉप्टरं जुलै 2019 मध्ये आन्तोनोव्ह 124 या मालवाहू विमानातून दिल्लीजवळच्या हिंडन तळावर आली, लष्कराची पहिली तीन जुलै 2025 मध्ये तशीच आली. चिनूक हेलिकॉप्टरं मात्र जहाजानं मुंद्रा बंदरात उतरली होती.

आता पंखे, म्हणजे आमच्या भाषेत ब्लेड. नौदलाच्या कित्येक हेलिकॉप्टरांना ब्लेड दुमडायची सोय मुळातच असते, कारण जहाजावरचा हँगर लहान. चेतकचे तीन ब्लेड आम्ही उतरवूनच घेत असू. पण ब्लेड निघाले म्हणजे काम संपलं असं नाही. एमआय-17 हे मोठं हेलिकॉप्टर घ्या. त्याच्या मागच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण साडेचार मीटर, आणि आयएल-76 या मालवाहू विमानाच्या पोटाची रुंदी जेमतेम 3.45 मीटर, म्हणजे चाकं तशीच ठेवून ते आत जातच नाही. उंचीतही तेच, म्हणून वरचं रोटर हेड, म्हणजे ब्लेड जिथे जोडतात तो भागसुद्धा उतरवावा लागतो. सी-17 या मालवाहू विमानाच्या पोटाची रुंदी साडेपाच मीटर आहे, त्यात पुष्कळ सोपं जातं.

खरी मेहनत काढण्यात नाही, काढलेलं जसंच्या तसं परत बसेल अशी व्यवस्था करण्यात आहे. चेतकच्या प्रत्येक ब्लेडला रंग असतो, लाल, पिवळा, निळा, आणि रोटर हेडवरची जागाही त्याच रंगाची. निळ्याच्या जागी पिवळा चालत नाही. प्रत्येक जागेचे बोल्ट, वॉशर, पिना वेगळ्या कापडी पिशवीत, पिशवीवर टॅग, टॅगवर नग. ब्लेड गादी घातलेल्या खोक्यात. इंजिनच्या तोंडावर ब्लँक, म्हणजे झाकण. बॅटरीच्या तारा सोडून टोकांना टेप. टाकीतलं तेल जवळजवळ सगळं काढायचं, कारण बंद पोटात वाफ साचली तर एक ठिणगी पुरते. फ्लेअर किंवा स्फोटक काडतुसं असतील तर ती वेगळी, वेगळ्या कागदांसह.

एकदा दुसऱ्या टोकाला जोडणी करताना एका पिशवीत वॉशर कमी भरला. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. बदली वॉशर मिळाला असता, पण हरवलेला आतच कुठे पडला असेल तर? त्या दिवशी उड्डाण नाही म्हणजे नाही. ताडपत्रीची घडी न् घडी उलगडली, बोटांनी चाचपत गेलो, तेव्हा ग्रीसला चिकटलेला सापडला. तेव्हापासून मी पिशवी बांधताना दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यायचो आणि टॅगवर दोघांच्या सह्या घ्यायचो.

चढवण्याचा क्षण मला सगळ्यात अवघड वाटतो. मे महिन्यातलं नागपूर, पत्र्याला हात लावला की चटका. विंचनं, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानं, हेलिकॉप्टर इंच इंच ओढलं जातं. पुढचं चाक विमानाच्या रॅम्पवर, म्हणजे आत जायच्या उतारावर, चढलं की नाक वर आणि शेपूट खाली, शेपूट जमिनीला घासायला पाहते. म्हणून रॅम्पच्या पायथ्याशी लाकडी फळ्या रचून चढ सौम्य करतात. वर पोचल्यावर दुसरं संकट: पुढचं चाक सपाट फरशीवर, मागची अजून चढावर, आणि मधलं पोट उंबरठ्याच्या अगदी जवळ. मी तिथे आडवा पडून टॉर्चनं फट बघत असे. एकदा आमचा काटोलचा गडी ओरडला, "थांबवा बाप्पा, टेकून राह्यलं!" विंच थांबली. फट दोन बोटांची होती. मागे घेतलं, फळ्या बदलल्या, पुन्हा ओढलं. त्यात अर्धा तास गेला, पण वॉरंट साहेब त्याला एक शब्द बोलले नाहीत.

आत गेल्यावर साखळ्या. अमेरिकी लष्कराचा हिशोब असा की माल पुढे 3 पट, मागे आणि बाजूंना दीड पट, वर 2 पट जोर सोसेल असा बांधायचा. म्हणजे सव्वा टनाच्या चेतकला पुढे जाण्यापासून रोखायला साखळ्यांनी पावणेचार टन धरायला हवेत. चाकांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबतात-उठतात, त्यामुळे हवेत हादरे बसले की साखळी सैल पडते. लोडमास्टर, म्हणजे विमानातल्या मालाची जबाबदारी असलेला माणूस, उड्डाणातही फिरून ताण बघतो. वजनाचा मध्य कुठे येतो ते आधीच काढून दोन्ही बाजूंना टेपनं खूण केलेली असते, त्यावरूनच तो हेलिकॉप्टर कुठे उभं करायचं ते ठरवतो.

वेळ किती लागतो, हेही तुम्ही विचारलंय. सरावाच्या टोळीला चेतकचे ब्लेड उतरवून बांधायला अर्धा दिवस पुरे. एमआय-17 ला दिवसच्या दिवस जातात. परत जोडल्यावर इंजिन जमिनीवर चालवून बघायचं, मग सगळे ब्लेड एकाच पातळीत फिरतात का ते तपासायचं. एखादा बोटभर वर-खाली असला तरी सीट थरथरते. मग चाचणी उड्डाण. आमच्याकडे ज्यानं जोडणीवर सही केली, त्याला कितीदा तरी पायलट शेजारी बसवून नेत. मीही बसलो आहे. डोळे मिटून फक्त थरथर ऐकायची.