पंधरा दिवस सॅक पाठीवर घेऊन फिरायचं आहे. कॅमेरा आणि लेन्स कोणत्या घेऊ? मोठा भाऊ म्हणतो फुल फ्रेमच घे, हलका घेतलास तर पस्तावशील.

तुमच्या भावाला आधी विचारा, चढणीवर त्याची टेली लेन्स कोण वाहतं.

विचारायचं कारण असं की आमच्याकडेही असा एक दादा आहे. मामेभाऊ. फोटोग्राफी मला त्यानेच शिकवली, हे मान्य. पण मी मायक्रो फोर थर्ड्सचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा बराच छोटा सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) असलेला कॅमेरा घेतला तेव्हा त्याने तो हातात धरून उलटसुलट बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ठीक आहे, बायकांना झेपेल असा आहे." तेव्हा मी हसून सोडून दिलं. आज तुमचा प्रश्न दिसला आणि लिहायला बसले.

त्यानंतर आम्ही एका मोठ्या ट्रेकला एकत्र गेलो. त्याच्याकडे फुल फ्रेम डीएसएलआर, २४-७० एफ/२.८, ७०-२०० एफ/२.८ अशा दोन झूम लेन्स आणि ट्रायपॉड. (पहिले आकडे मिलिमीटरचे, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ; एफचा आकडा जितका छोटा तितका उजेड जास्त.) ट्रायपॉड सोडूनच सव्वातीन किलो. माझ्याकडे ऑलिंपसचा ई-एम१०, पॅनासॉनिकची १२-३२, ऑलिंपसची ४५ एफ/१.८ आणि ४०-१५०. सगळं मिळून पावणेआठशे ग्रॅम. (१२-३२ अवघी ७० ग्रॅमची. तिला फोकस रिंगच नाही, पण चालता चालता रिंग फिरवत बसतंय कोण!) पहिली खडी चढण लागली तसे दादाचे खांदे बोलायला लागले. ट्रायपॉड एका मित्राच्या सॅकला लटकला. मग "जरा ठेवतेस का गं तुझ्याकडे?" करत ती दीड किलोची ७०-२०० माझ्याकडे आली. म्हणजे बायकांना झेपेल असा कॅमेरा आणि वर पुरुषांना न झेपणारी लेन्स, दोन्ही माझ्याच पाठीवर. खिंड ओलांडून पलीकडे उतरेपर्यंत ती माझ्या स्लीपिंग बॅगखाली पडून होती आणि त्याने ती एकदाही मागितली नाही. मागितली असती तरी अख्खी सॅक उपसावी लागली असती.

परत आल्यावर वाद व्हायचाच होता. दादाचं म्हणणं, सेन्सर चौपट म्हणजे दोन स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), फिजिक्सशी भांडू नकोस. फिजिक्स मलाही येतं. त्याचा सेन्सर ३६×२४ मिमी, माझा १७.३×१३, क्षेत्रफळात जवळपास चौपटीचा फरक, सगळं खरं. पण संध्याकाळी कड्यावर उभं राहून पायाजवळच्या दगडापासून लांबच्या रांगेपर्यंत सगळं शार्प हवं असलं की तो लेन्सचं छिद्र बारीक करून एफ/८ लावतो. तेवढीच डेप्थ मला एफ/४ ला मिळते. शटर दोघांचं सारखं धरलं तर मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणे येतात) २०० वर असते तेव्हा तो ८०० वर गेलेला असतो. मोठ्या सेन्सरने कमावलेले दोन स्टॉप तिथेच खर्च झाले. ते वाचवायचे तर ट्रायपॉड हवा. ट्रायपॉड मित्राच्या सॅकला, आणि मित्र पुढच्या वळणापलीकडे.

मग प्रिंट काढल्या. माझ्या १६ मेगापिक्सेलच्या फाइलमधून ए३ कागदावर न कापता जवळपास २९५ डीपीआय (इंचाला इतके ठिपके, छपाईला पुरेसे) मिळतात, त्यामुळे मी निश्चिंत होते. शेजारी शेजारी लावल्यावर दादाने कुठली कुणाची ते लगेच ओळखलं. कशावरून? माझी ४:३, त्याची ३:२. चौकटीच्या आकारावरून!

आणि ज्या ३६×२४ चा एवढा अभिमान, तो आकारही एकेकाळी चिमुकलाच होता. ऑस्कर बारनॅकला दम्याचा त्रास होता, जड प्लेट कॅमेरा घेऊन हिंडणं जमेना, म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला. तोच लाइका, १९२५ मध्ये बाजारात आला. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "विषय बदलू नकोस."

बरं, तुमचं. एक बॉडी, एक छोटा झूम, एक ब्राइट प्राइम (झूम नसलेली, जास्त उजेड घेणारी लेन्स), बास. मी वर दिलेल्या १२-३२ आणि ४५ या दोन्हींना ३७ मिमीचा फिल्टर बसतो, म्हणजे पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) एकच पुरतो. तिसरी लेन्स मी नेली होती, पण तुम्ही पक्ष्यांच्या मागे नसाल तर नेऊ नका. लेन्स बदलायचाच कंटाळा असेल तर रिको जीआर ३ बघा. २५७ ग्रॅममध्ये एपीएस-सी सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा छोटा, माझ्यापेक्षा मोठा) आणि २८ मिमीइतका अँगल, पण झूम नाही आणि व्ह्यूफाइंडरही नाही. काहीही घ्या, कॅमेरा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर क्लिपने अडकवा. सॅकच्या आत गेला की तो मुक्कामावरच बाहेर येतो. जादा बॅटऱ्या विमानात केबिन बॅगेतच ठेवायच्या, आणि थंडीत अंगालगतच्या खिशात, नाहीतर भराभर उतरतात.

हे सगळं दिवसाउजेडी चालणाऱ्यांसाठी. आकाशगंगेचे फोटो हा मुख्य बेत असेल तर मोठा सेन्सर आणि ट्रायपॉड दोन्ही न्या, तिथे माझा वरचा हिशोब लागू होत नाही. शिवाय आता फुल फ्रेमसुद्धा जडच असतो असं नाही. सोनीचा ए७सी बॅटरी-कार्डासकट ५०९ ग्रॅम, त्यावर १६७ ग्रॅमची २८-६०, म्हणजे माझ्या किटपेक्षाही कमी. फक्त त्याला एफ/२.८ चे झूम लावायला लागलात की पुन्हा मूळपदावर. दादाने हल्ली हाच घेतलाय, आणि कॅमेरा हलका असणं किती महत्त्वाचं असतं ते मला समजावून सांगत असतो.